अरिशिण अज्जीचा मुलगा

"त्यात काय आहे? एका रविवारात सगळे दगड वाचून दाखवतो," असं रघुनंदन मान्यांनी बेंगळुरातल्या मराठी मंडळाच्या सभेत ठणकावून सांगितलं, आणि सभेने सुटकेचा निःश्वास टाकून टाळ्या वाजवल्या. शिवाजीनगरच्या बाजारामागे जुन्या मराठा घराण्यांची समाधीची जागा आहे. तिथल्या झिजत चाललेल्या दगडांवरची नावं उतरवून ठेवायचं काम कोणाच्या तरी गळ्यात पडणारच होतं. ते आपणहून गळा पुढे करणाऱ्याच्या गळ्यात पडलं.

रघुअण्णांना गळा पुढे करायला कारण होतं. त्यांच्या घराण्यात दहन नाही, पुरायची चाल. आणि त्यांची आई त्याच जागेत होती. नेमकी कुठे, ते कोणालाच माहीत नव्हतं. ती गेली तेव्हा अण्णा पाळण्यात होते. वडिलांनी दोन्ही मुलांना घेऊन म्हैसूर गाठलं, आणि भावंडं बेंगळुरात परतली तोवर वडीलही राहिले नव्हते. उरली एक आठवण, तीही थोरल्या विमलाअक्कांची. "अप्पा हात जोडून उभे असायचे, आणि मी तुळस कोरलेल्या उंच दगडाला टेकून. दगड गार लागायचा," एवढंच त्या सांगत. आता अक्कांची नजर उतरत चालली होती. "डोळे आहेत तोवर आईचं नाव एकदा वाचायचंय रे," असं त्या म्हणाल्या, आणि तेव्हापासून अण्णांना धड झोप नव्हती.

मदतीला मंडळाने पद्माकर दामल्यांना दिलं. दामले मूळचे पुण्याचे, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. पद्धतीशिवाय त्यांना पाणीसुद्धा पिता येत नसे. दगडाला पावडर लावायची नाही, खरवडायचं नाही, आरशाने तिरपं ऊन पाडायचं की अक्षरं आपोआप उठतात, ही त्यांची पद्धत. त्यासाठी त्यांनी बनशंकरीच्या घरून बायकोचा आरसा बसमधून मांडीवर बसवून आणला. वाटेत निम्म्या बसने त्यात बघून भांग नीट केला.

तुळस कोरलेला उंच दगड सापडला आणि नेमकं ऊन गेलं. दामले ढगांकडे बघून कंटाळले आणि कॉफी प्यायला गेले. अण्णांच्या खिशात अक्कांनी दिलेली हळदीची पुडी होती, दगड सापडलाच तर वाहायला. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अख्खी पुडी दगडावर चोळली. बाकीची अक्षरं काही उमटली नाहीत, पण 'बाई' एवढं लख्ख उठलं.

दामले परतले तेव्हा अण्णा हात जोडून उभे होते, आणि दगड हळद लागलेल्या नवरीसारखा पिवळाधमक झाला होता.

"अहो माने, हे काय केलंत? प्रोटोकॉल काय ठरला होता आपला?"

"स्वल्प हळद हो. पाऊस आला की जाते."

"आणि ही तुमची आईच कशावरून? इथे निम्म्या बायाच असणार."

"अक्काची तुळस आहे ना. बाकीचं पुढच्या रविवारी वाचू, सरी? ठीक?"

पाऊस आला नाही. आली ती फुलवाली रंजिता. ती गल्लीच्या तोंडाशी बसायची. इतकी वर्षं कोरडा पडलेला दगड अचानक पिवळा झालेला तिने पाहिला, आणि उगाच काही पिवळं होत नाही हे ओळखून एक गजरा वाहिला. त्या दिवशी तिची टोपली लवकर रिकामी झाली. मग काय विचारता! पुढच्या रविवारी दोघं पोचले, तर दगडासमोर निरांजन, लिंबं, नारळ आणि ही गर्दी. हळदीचा थर बोटभर. देवीचं बारसंही उरकलेलं: अरिशिण अज्जी, म्हणजे हळदीची आजी. एका ऑटोवाल्याच्या मुलीला तिने म्हणे नोकरी लावली होती.

दामल्यांनी ब्रश काढला. गर्दीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी तो आपल्याच शर्टावर फिरवून परत पिशवीत ठेवला. "तुम्ही बोला. तुम्हाला कन्नड नीट येतं," ते कुजबुजले.

अण्णा पुढे झाले. ही देवी नाही, साधी बाई आहे, आणि बहुतेक माझी आई आहे, असं त्यांनी स्वच्छ कन्नडमध्ये समजावून सांगितलं.

मग ऑटोवाल्याने अण्णांच्या पायांवर लोटांगण घातलं. प्रत्यक्ष अज्जीचा मुलगा! रंजिताने समोरच्याच बुटक्या दगडावर पोतं अंथरलं, अण्णांना त्यावर बसवलं आणि हातात अंगाऱ्याची वाटी दिली. अंगारा मुलाच्याच हातचा हवा, असं बायकांचं म्हणणं पडलं. अण्णा नको म्हणणार होते, पण नको म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, आणि उघडलेल्या तोंडात पेढा पडत होता.

असे बरेच रविवार गेले. अण्णा बसून अंगारा लावत, दामले लांबून बाकीचे दगड उतरवून घेत, आणि त्या एका दगडावर हळद चढत राहिली. वाचून दाखवतो म्हणणाऱ्याने जेवढं वाचता येत होतं तेही बुजवलं होतं. घरी अक्कांना मात्र ते सांगत, "झालंच अक्का, ऊन पडायचं बाकी आहे."

शेवटी एका रविवारी, अण्णा निघायच्या आतच, त्यांच्या मल्लेश्वरमच्या घरी शेजारच्या प्रतिमावहिनी अंगारा घेऊन आल्या. "शिवाजीनगरात जागृत अज्जी आहे, अक्का. आणि तिचा मुलगा अगदी आपल्या अण्णांसारखा दिसतो हो."

अक्कांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णांनी पंख्याकडे पाहिलं.

"रघू, ऑटो बोलाव," अक्का म्हणाल्या.

वाटेत अण्णांनी सगळी हकिगत सांगितली. गर्दीने वाट दिली. अक्कांनी दगडावर हात ठेवला. आईचा चेहरा आठवत नाही, निदान दगड तरी हाताला ओळखू येईल असं त्यांना वाटलं होतं. हाताला लागली ती ओली हळद. त्यांचे डोळे भरले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं अण्णांना झालं. जागा तशी सोयीचीच होती.

"थांबा, मी यांना पटवतो," दामले म्हणाले.

"तुम्ही नका पटवू." अक्का रंजिताकडे वळल्या आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "मी हिची मुलगी. मला आईला न्हाऊ घालायचंय."

बायका बादल्या घेऊन धावल्या. एकीने शिकेकाई आणली, ती दामल्यांनी हाता-पाया पडून परत पाठवली. अक्का लेकराला चोळावं तशा दगड चोळू लागल्या. पिवळ्या पाण्याचे लोट वाहिले. अण्णांनी बुटक्या दगडावरचं पोतं झटक्यात उचललं. नेमकं ऊनही पडलं, आणि दामल्यांनी आरसा धरला.

"मंजुळाबाई निंबाळकर," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग आवाज खाली आणून मराठीत म्हणाले, "माने, या तुमच्या कोणी नव्हेत."

गर्दीला नावाशी काम होतं. मंजुळा अज्जीच्या नावाने नवा नारळ फुटला. अक्का मात्र ओल्या हातांनी तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हळूच त्या दगडाला पाठ टेकली.

"दगड हाच. असाच गार लागायचा," त्या म्हणाल्या. "पण अप्पा माझ्याकडे तोंड करून उभे असायचे रे. आणि खाली बघायचे."

सगळ्यांनी खाली पाहिलं. हळदीचं पाणी बुटक्या दगडावरून वाहून गेलं होतं आणि कोरलेल्या रेघांत पिवळं साचून राहिलं होतं. दामल्यांना आरसा वळवावाच लागला नाही. अक्का खाली बसल्या आणि बोट फिरवत त्यांनी स्वतः वाचलं: "कृष्णाबाई माने. मागे दोन लेकरं."

अण्णांच्या हातातलं पोतं गळून पडलं.

"अक्का, इतके रविवार मी आईवर बसलो गं. पेढे खात बसलो."

"बसलास तर बसलास." अक्का हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "तुला मांडीवर घ्यायला तिला दिवस कुठे मिळाले होते? बस अजून."

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे रघुअण्णा जपून खाली बसले, ओल्या दगडावर दोन्ही तळवे टेकले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. रंजिताने थोडा वेळ वाट पाहिली. मग तिने वाटी त्यांच्यापुढे धरली.

"अण्णा, स्वल्प नंतर रडा. रांग खोळंबलीय."