मुरुमच्या तळघरातला समुद्र

आधीच सांगून ठेवतो, माझ्या पाइपलाइनीत एकही चूक नव्हती! जे झालं ते माझ्या थोरल्या भावामुळं झालं. बब्रुवानदादांमुळं. पाइप माझे, डोकं माझं, घाम माझा, आणि सत्यानाश तेवढा त्यांचा!

मुरुमला माझं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. अख्ख्या गावाला माहीत आहे. फक्त दादांना माहीत नसावं. कारण गेल्या उन्हाळ्यात त्यांनी इन्व्हर्टर घेतला तो उमरग्याहून! सख्ख्या भावाचं दुकान भर पेठेत उघडं, आणि ह्यांचा इन्व्हर्टर टेम्पोत बसून माझ्या डोळ्यांदेखत नवरदेवासारखा घरी जातो! त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. घर एकच. वर मी, खाली दादा, आणि त्याच्याही खाली दोघांच्या मालकीचं तळघर. वडलांनी शेत वाटून दिलं, घर वाटून दिलं. राग तेवढा वाटला नाही. तो दोघांनाही पुरता आला.

एवढ्यावर थांबले असते तर दादा कसले! त्यांनी बैठकीत एक काचेची पेटी आणून ठेवली. आत दोन लाल मासे. आल्यागेल्याला सांगायचे, "बघा, कसं निवांत वाटतं! न्हायतर वरचा मजला. नुस्ता आरडाओरडा!"

हे मी जिन्यात उभं राहून ऐकलं. डोकं असं तापलं की त्यावर भाकरी भाजली असती!

"दीपमाला!" मी बायकोला हाक मारली. "आपण समुद्र आणायचा."

"कुठं?"

"इथं. हॉलमध्ये. खाऱ्या पाण्यातले मासे! तळ्यातले फालतू मासे कुणीही पाळतं."

"अहो, नळाला आठवड्यानं पाणी येतं, आणि तुम्ही समुद्र आणताय?"

"समुद्राचं पाणी काय प्यायचंय का?" मी ओरडलो. तिनं हात जोडले. मला वाटलं, पटलं.

बेत एकदम पक्का होता. हॉलमध्ये पलंगाएवढी टाकी. तिच्यातलं घाण पाणी एका पाइपातून खाली तळघरात जाणार, तिथं मोठ्या टपात गाळून स्वच्छ होणार, आणि पंप ते दुसऱ्या पाइपातून परत वर चढवणार. दोन्ही पाइप मोरीच्या नळाशेजारून, दादांच्या भिंतीला शिवत शिवत खाली. पाणी तळापासून ढवळलं जावं म्हणून परतीच्या पाइपाचं तोंड मी टाकीच्या पार बुडाशी नेलं. लाईट गेली तर? हॅ! मी इन्व्हर्टर विकतो, राव! पंपाला माझ्या घरातून वेगळी वायर, वायरीला वेगळी बॅटरी. गावातली लाईट जाऊ दे नाहीतर जिल्ह्यातली जाऊ दे, माझा पंप थांबणार नाही!

मुजीब प्लंबरला बोलावलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भैया, बंदर कुठं बांधायचं?" मी त्याला जिन्यावरनंच परत पाठवला आणि सगळी जोडणी स्वतः केली.

तळघरातच आमचा पिण्याच्या पाण्याचा हौद आहे, दोघांच्या सामाईक मालकीचा, तोंड फरशीच्या बरोबरीला. त्याच्या शेजारची जागा माझ्या वाटणीतली. म्हणून टप तिथं ठेवला. मुंबईहून समुद्री मीठ आलं, पुण्याहून रातराणी एस्टीनं मासे आले. नारिंगी, निळे, एक तर पिवळाधमक, हळदीला बसवल्यासारखा! टाकी सुरू झाली आणि मी मुद्दाम दार उघडं ठेवून बसलो. जिन्यातनं येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे!

आता पंप म्हटलं की घुंई घुंई आवाज होणारच. तो नेमका दादांच्या पलंगाखाली होत होता, ह्याला मी काय करू? दादांची मुलगी सृष्टी म्हणजे दोन मजल्यांमधलं टपालखातं. ती वर आली.

"काका, बाबा विचारतात, तळघरात म्हैस बांधलीय का?"

"सांग त्यांना, माझ्या वाटणीत मी हत्ती बांधीन!"

ती खाली गेली. परत वर आली.

"बाबा म्हणतात, झोप येत न्हाय."

"म्हणावं, उमरग्याहून मागवा!"

पोरगी हसत गेली. खालून दादांनी दार आपटल्याचा आवाज आला. लई बरं वाटलं.

दिवाळी झाली. सृष्टीचं लग्न अणदूरच्या घरात ठरत आलं होतं आणि त्या दिवशी सुपारी फुटणार होती. मुलाचे वडील शंभूराव आणि आजी गजराबाई येणार होते. आणि मला, सख्ख्या काकाला, बोलावणं नाही! ज्या पोरीला खांद्यावर बसवून मी गावची जत्रा दाखवली, तिच्या सुपारीला मी वरच्या मजल्यावर माशांची तोंडं बघत बसलो! दीपमाला मात्र सकाळपासून खाली. बायकांचं बोलणं बंद नव्हतंच. उलट आमचं बंद झाल्यापासून त्यांचं वाढलंच होतं.

पाहुणे बसले. बोलणी सुरू झाली. आणि खालून घुंई घुंई! गजराबाईंनी विचारलं म्हणे, "हे काय वाजतंय वो?" दादांचा इतक्या दिवसांचा राग उसळला. "आलोच," म्हणाले, तळघरात उतरले आणि माझ्या पंपाची वायर हिसकून काढली! लाईट जाईल म्हणून मी तयारी केली होती. भाऊ येईल म्हणून केली नव्हती!

पंप थांबला. परतीच्या पाइपाचं तोंड टाकीच्या बुडाशी. म्हणजे वर चढणारं पाणी त्याच पाइपातून उलटं खाली धावायला लागलं. टप भरला. टप वाहिला. शेजारी हौद. टँकर आला तेव्हा उघडलेलं झाकण कुणीच लावलं नव्हतं. हौदात पाणी अर्ध्याच्याही खाली. त्यात माझा अरबी समुद्र धबाधबा!

दादा मात्र वायर फेकून कधीच वर जाऊन बसले होते. मी टाकीकडं पाठ करून फोनवर गिऱ्हाइकाशी भांडत होतो. तेवढ्यात जादा कप न्यायला सृष्टी आली, नवी साडी सावरत. टाकीकडं बघून किंचाळली, "काका! समुद्राला ओहोटी लागली!"

वळून बघतो तर माशांच्या अंगावर बोटभर पाणी! हळदीतला तर आडवा झालेला! "पातेलं!" मी ओरडलो. "पातेलं आण!" ती पातेलं घेऊन आली. उरलेलं पाणी, मासे, आम्ही ओंजळीनं भरत सुटलो. तिची साडी कोपरापर्यंत ओली. त्याच वेळी खाली वहिनींनी नळाला पाणी नाही म्हणून हौदाची मोटार लावली होती. तेच पाणी स्वयंपाकघरात चढलं, तेच तांब्यात गेलं, तेच चहाला पडलं.

मग खालून आवाज चढले. मी जिन्यातून पळत गेलो, मागं पातेलं घेऊन सृष्टी.

बैठकीत गजराबाई हातात कप धरून उभ्या होत्या. "पाणी खारट, मी गप बसले. चा खारट! दूध बी फाटलंय! पोरगी द्यायची नसंल तर तोंडानं सांगावं, मीठ कशाला घालता?"

"आई, तुम्ही बसा तरी," शंभूराव त्यांना सावरत होते.

दादा पांढरेफटक पडले होते. मला बघितलं आणि लाल झाले. "तूच केलंस हे! माझ्या पोरीचं जमायला लागलं ते तुला बघवंना!"

"मी?" माझा आवाज फाटला. "दादा, वायर कुणी काढली?"

"व्हय, मी काढली! महिनाभर डोळ्याला डोळा न्हाय!"

"मग तोंडानं सांगायचं होतं!"

"तू बोलत होतास का?"

"तुम्ही उमरग्याला गेला होता का न्हाय?"

"अरे, तुझ्याकडनं घेतला असता तर तू पैसे घेतले नसतेस! सगळं तसंच फुकट देतोस, म्हणून दुकानाची ही कळा! म्हणून गेलो, गाढवा!"

हे आधी का नाही सांगितलं? ह्या माणसाचा मला अजून जास्त राग आला! डोळ्यांतनं पाणी येईल एवढा!

सृष्टी पातेलं धरून रडायला लागली. "माझं लग्न मोडा, पण आधी ह्यांचा पंप लावा कुणीतरी! मरतील ते!"

गजराबाईंनी पुढं होऊन पातेल्यात डोकावलं. बराच वेळ बघितलं. "एवढ्याशा माशांचं कालवण काय व्हणार?" मग कप खाली ठेवून त्या शंभूरावांकडं वळल्या. "पोरगी चांगली हाय. सुपारी फोडा."

"अहो, पण हे भांडण..." दादा चाचरले.

"आपल्या घरी तीन भाऊ हायत," गजराबाई शंभूरावांना म्हणाल्या, "तिघंबी एकमेकांशी भांडत सुदिक न्हाईत. हितं निदान आवाज तरी येतो."

शंभूराव खाली बघायला लागले. शेजारून घागरभर गोडं पाणी आलं, चहा पुन्हा झाला, सुपारी फुटली. दादा आणि मी तळघरात उतरून हौद उपसत होतो आणि आत्तापर्यंत साठलेल्या शिव्या एकमेकांना देत होतो. पिवळा मासा वाचला. निळा गेला. त्याचं मला खरंच वाईट वाटलं. दादांनीच त्याला परसात पुरला.

पाहुणे निघाले तेव्हा शंभूरावांनी मला गाडीच्या आडोशाला ओढलं. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "आमच्याबी घराला तळघर हाय. तेवढी जागा बघून जाता का? घरात सांगू नका."

आता मी काही कुणाच्या नादी लागणारा माणूस नाही. पण पाहुणा पडला! पौषात एका रविवारी टेप, पेन्सिल खिशात घातली आणि दीपमालाला म्हणालो, "अणदूरला जाऊन येतो. खंडोबाचं दर्शन घ्यावं म्हणतो."

तिनं मान वर न करता विचारलं, "देव दरसालसारखा अणदूर सोडून नळदुर्गाला मुक्कामी असताना?"