सेतुमामांच्या गाडीचं रबर

सेतुमामा कुणाच्याही घरी गेले की आधी फ्रिज उघडायचे. दाराला आतून जे रबर असतं ते चिमटीत दाबायचे, सोडायचे, वास घ्यायचे आणि घरच्या बाईकडे संशयानं बघायचे. मी साताऱ्याची. लग्न होऊन तंजावूरला आले त्याला आठवडाही झाला नव्हता, आणि वकिली काळा कोट घातलेला हा उंच म्हातारा माझ्या माहेरून आलेल्या फ्रिजपुढे उकिडवा बसला. हे माझ्या नवऱ्याचे मामा. राजवाड्यामागे आमच्याच गल्लीत, तीन दारं सोडून राहायचे. "नरम आहे. कोठले?" एवढंच विचारलं आणि कॉफी पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी दूध नासलं. बघते तर खालच्या कोपऱ्यातलं चार बोटं रबर कापून नेलेलं.

मी पदर खोचून भांडायला गेले. मामा मागच्या शेडमध्ये एका जुन्या गाडीच्या दाराशी वाकून माझा तुकडा खाचेत बसवून बघत होते. "बसत नाही," म्हणाले, आणि तुकडा माझ्या हातावर ठेवला. माफी नाही, काही नाही. माझं डोकं असं फिरलं की भांडण विसरून मी विचारलं, "मग काय बसतं?" ती माझी चूक. पुढचं दीड वर्ष मी तेच ऐकत होते.

गाडी त्यांच्या वडिलांची, इंग्रज असतानाची. वकिली सोडल्यावर मामांनी ती उघडून इंजिन, ब्रेक, गाद्या सगळं नवं केलं. अडलं ते चार दारांच्या रबरावर. बाजारात त्याला बीडिंग म्हणतात. इंजिन छान सुरू व्हायचं, गाडी शेडमध्ये चार फूट पुढे, चार फूट मागे जायची आणि मामा किल्ली फिरवून उतरायचे. अख्खी गल्ली सांगायची, अहो, रबराशिवाय चालवा, पाऊस आला तर छत्री धरा. मामांचं उत्तर ठरलेलं. "नलगे."

नलगे म्हणजे नको; हा शब्द आपल्याकडे पोथीत राहिला. तंजावूरच्या आमच्या माणसांच्या तोंडी मी तो पहिल्यांदा ऐकला, आणि मामा तर तो दिवसातून वीसदा वापरायचे. केबल टीव्ही नलगे. पाकिटातली कॉफी पावडर नलगे. तेव्हा सगळं नव्यानं मिळायला लागलं होतं, बँका गाडीसाठी कर्ज घ्या म्हणून मागे लागायच्या. मद्रासला नोकरी करणारा त्यांचा मुलगा रघू आला की तेच लावायचा. "अप्पा, हप्त्यावर नवी गाडी घेऊ. ह्या डबड्याला मद्रासचा एक शौकीन चांगली किंमत देतो आहे."

"नलगे."

"अजून किती वर्षं रबर शोधणार?"

मामा चिडले. वकील माणूस, चिडला की शर्त लिहून दिल्यासारखं बोलायचा. "पोंगलास गाडी रस्त्यावर नसेल तर तूच येऊन घेऊन जा. आम्ही शब्द बोलणार नाही." रघूनं ते मनावर घेतलं आणि गिऱ्हाइकाला पोंगलची तारीखही दिली. मामींनी आतून एवढंच म्हटलं, "सरि, झाले." सरि म्हणजे ठीक. मामींना दमा होता. जोरात बोलणं त्यांना झेपायचं नाही.

मग मामा पेटले. कुकरची रिंग झाली, सायकलची ट्यूब झाली, रिक्षाच्या टपाची पट्टी झाली. नव्या गाडीचं बीडिंग त्रिचीहून आणलं, ते खाचेत हिंदकळत होतं. दुकानदार म्हणाला, डिंक लावा, चिकटेल. मामांनी त्याला दुकानात उभं राहून अर्धा तास झापलं. त्यांची परीक्षा सोपी होती. दारात कागदाची पट्टी धरायची, दार लावायचं आणि पट्टी ओढायची. सुळकन निघाली तर रबर नापास. दिनदर्शिकेचे सगळे जुने महिने ह्या कामी संपले.

शेवटी कीळवासल पेठेत जुन्या गाड्यांचं सामान विकणाऱ्या मैदीनभाईंनी स्पंजाचं एक बीडिंग आणून दिलं आणि पट्टी पहिल्यांदाच अडकली. मामांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा हसू पाहिलं. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. तंजावुरात शनिवारी पुरुष तिळाचं तेल चोपडून न्हातात. मामांनी स्वतःला चोपडलं आणि उरलेलं वाटीभर तेल रबरालाही जिरवलं. "माणसास लागते, रबरास न लागेल?" मंगळवारपर्यंत ते रबर दह्यात टाकलेल्या वड्यासारखं फुगलं. एक दार बंद होईना, दुसरं उघडेना. मैदीनभाईंनी कपाळाला हात लावला. "वक्कील सार, रबराला तेल म्हणजे विष."

पोंगलला अकरा दिवस उरले होते. गल्ली हसत होती. मला मात्र हसू येईना. मी त्या गल्लीत उभी राहून दोन बायकांशी भांडले, आणि तेही माझ्या मोडक्या तमिळमध्ये. म्हातारा वेडा असेल, पण आमचा आहे, तुमचं काय जातं? मैदीनभाईंनी बिचाऱ्यांनी धावपळ करून आतून पोकळ असलेलं बीडिंग कुठूनसं मिळवलं. ह्या वेळी मामांनी ते नुसत्या पाण्यानं पुसलं आणि तीन दिवस खाली मान घालून चारी दारांना बसवलं.

भोगीच्या सकाळी मला बोलावणं आलं. "येताना कोलमाची पिठी आण. पुष्कळ आण. सूपही आण." दारापुढे रांगोळी घालतात ती पांढरी पिठी. मी डबा आणि सूप घेऊन गेले. मामा काळा कोट घालून गाडीत बसले, काचा वर केल्या आणि आतून खूण केली, टाक. काय टाकू, मी हातानं विचारलं. पिठी. वर सुपानं वारा घाल, त्यांनी खुणेनंच सांगितलं. मी मुकाट्यानं गाडीवर पिठी उधळली आणि दाराच्या फटींवर सूप हलवलं. गाडी, शेड, मी, सगळं पांढरं झालं. पाव तासानं मामा उतरले, घामानं निथळत, आणि उजेडात उभे राहून मला म्हणाले, "नीट पहा. कोटावर एक कण आहे?"

मी बाह्या पाहिल्या, पाठ पाहिली. कण नव्हता. आणि तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ह्या माणसानं दीड वर्षात एकदाही गाडीवर पाण्याची बादली ओतून पाहिली नव्हती. सगळे समजत होते रबर पावसासाठी.

"मामा, हे धुळीसाठी?"

ते कोटाची बटणं काढत राहिले. "तुझ्या मामीस तिचे माहेर, पापनाशम, नऊ वर्षे दिसले नाही. बशीत धूळ, आगगाडीत धूर. मागल्या खेपेस अर्ध्या वाटेवर तिचा श्वास अडकला, उतरवून आणिली. थोरली बहीण आहे तेथे, तिला चालवत नाही. दोघी एकमेकींस कागद लिहितात." मग जरा रागानंच म्हणाले, "नव्या गाडीच्या दुकानात मी विचारले, धूळ आत येणार नाही असे लिहून देता? हसले."

 मी सूप घेऊन घरी पळाले.

पोंगलच्या दिवशी आम्ही निघालो. मामी पुढे, मी मागे. रघू गिऱ्हाइकाला घेऊन आला तेव्हा दाराला कुलूप होतं. गावाबाहेर पडलो तर कापणीचा हंगाम, शेतकऱ्यांनी भात गाड्यांच्या चाकाखाली मळून निघावं म्हणून रस्त्यावरच पेंढ्या पसरलेल्या. बाहेर धुळीचे लोट, आत निवांत. मामा ताठ बसून गाडी हाकत होते. पापनाशम सात-आठ मैलांवर आलं आणि मामींनी हात पुढे करून काच खाली केली. पूर्ण.

"अगो," मामा म्हणाले.

"राहू द्या. नव्या भाताचा वास घेते."

मी जीव मुठीत धरला. मामा वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि धूळ उठणार नाही अशा बेतानं, बैलाच्या चालीनं नेऊ लागले. मागे दोन बसगाड्या आणि एक लॉरी येऊन भोंगे वाजवायला लागल्या. मामी एकदा खोकल्या. मामांनी भर रस्त्यात गाडी उभी केली. बसवाला मान बाहेर काढून ओरडला. मामा खाली उतरले, कोट सारखा केला आणि कोर्टात बोलावं तशा खणखणीत तमिळमध्ये त्याला म्हणाले, "माझी बायको माहेरी जाते आहे. थांब."

बायकोचं नाव जाऊ द्या, तिचा साधा उल्लेखही ह्या माणसानं चारचौघांत कधी केलेला मी ऐकला नव्हता. बसमधल्या सगळ्या बायका खिडक्यांतून वाकून बघायला लागल्या. भोंगा बंद झाला. मामी पदरानं तोंड झाकून हसत होत्या आणि हसता हसता डोळे पुसत होत्या.