सासऱ्यांच्या चौकटीतला बॉयलर

आकृत्यांना लिंक जोडण्यात आमच्या कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात माझा हात धरणारा दुसरा कोणी नाही. मुळात ऑफिसात दुसरा कोणीच नाही, ही गोष्ट वेगळी. बॉयलर विभागाची अख्खी आकृती मी वेबपेज करून काढली आहे. कुठल्याही चौकटीवर क्लिक करा, त्या यंत्राची सगळी कुंडली समोर हजर! माहिती आमच्या फोरमननी लिहिलेली, लिंक माझ्या. मी जोडणारा माणूस. वाचत बसायला मला वेळ नसतो.

त्यामुळे सासऱ्यांच्या पंचाहत्तरीला काय द्यायचं, असं बायकोने विचारलं तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "वंशवृक्ष. टीव्हीवर लावायचा. नावावर क्लिक केलं की त्या माणसाचे फोटो आणि माहिती."

"जमेल तुला?"

"डाव्या हातचा मळ."

"बघ हं. आठ वर्षांत बाबांनी तुला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. या वेळी म्हणाले पाहिजेत."

तिने नेमकं माझ्या दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. सासरे वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. शहरातल्या प्रत्येक दुकानाचा तराजू त्यांनी पारखला आणि निवृत्तीनंतर मला पारखायला घेतलं. माझं माप दर वेळी कमीच भरत होतं. मला ती एक शाबासकी हवी होती, अगदी लहान मुलासारखी हवी होती.

कोऱ्या कागदापासून सुरुवात करायला मी काही दुधखुळा नाही. बॉयलरच्या आकृतीची नक्कल काढली. चौकटी तयार, रेघा तयार, फक्त यंत्रांच्या जागी माणसांची नावं घालायची. प्रत्येक नाव निवडलं, त्याला नवी लिंक जोडली, वेबपेज काढलं. मग एकेका नावावर क्लिक करून तपासलं. सासऱ्यांच्या नावावर क्लिक केलं, सासरे हजर. सासूबाईंच्या नावावर केलं, सासूबाई हजर. मी शीळ घालत घरी गेलो.

पंचाहत्तरीला हॉलमध्ये पंचवीसेक नातेवाईक दाटीवाटीने बसले होते. टीव्हीवर वंशवृक्ष झळकला तसा सगळ्यांनी "वा!" केलं. मी माउस अदबीने सासऱ्यांच्या हाती दिला.

"बाबा, पहिला मान तुमचा."

त्यांनी चष्मा सारखा केला, बाण हळूहळू आपल्या चौकटीच्या कोपऱ्यात नेला आणि बटण दाबलं. फोटो आला नाही. मोठ्या अक्षरांत मजकूर आला: बॉयलर क्रमांक १. जुना. तापायला निमित्त लागत नाही, निवायला दिवस लागतो. जवळ उभे राहून वाद घालू नये.

हॉलमधल्या सगळ्या माना टीव्हीवरून माझ्याकडे वळल्या.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. मी नवी लिंक जोडली होती नावाला. चौकटीची जुनी लिंक खाली तशीच होती! अक्षरांवर नेम लागला तर माणूस उघडायचा, बाजूला लागला तर बॉयलर.

"बाबा, कोपऱ्यात नको, नावावर दाबा."

"अक्षरावर बोट ठेवायचं नसतं, जावईबापू. शिक्का झिजतो. नोकरीभर मी वजन कडेनेच धरलं."

"अहो, पण हे वजन नाहीये."

"तुम्ही मला शिकवू नका," असं म्हणून त्यांनी सासूबाईंच्या चौकटीच्या कोपऱ्यात क्लिक केलं. सेफ्टी व्हॉल्व्ह. दाब वाढल्यास शिट्टी वाजते. शिट्टी वाजताच सर्वांनी हातातले काम टाकून बाहेर पडावे.

मागून कोणीतरी खुदकन हसलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "यात खोटं काय आहे? मी नसते तर हे घर कधीच फुटलं असतं."

मी टीव्ही बंद करायला भिंतीवरच्या बटणाकडे झेपावलो. पंखा बंद झाला. दुसरं दाबलं, दिवे गेले. टीव्ही ठणठणीत चालूच!

तोवर सासऱ्यांनी मेहुण्याला उघडलं होतं. बायपास पाइप. कामाच्या वेळी यातून काहीही जात नाही.

"भावोजी, तोंडावर सांगायचं होतं ना," मेहुणा म्हणाला.

मग सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीची, म्हणजे आत्याबाईंची पाळी आली. भोंगा. दिवसातून तीनदा वाजतो. शेजाऱ्यांच्या तक्रारी आहेत. आत्याबाईंचे यजमान उभं राहून टाळ्या वाजवू लागले. आत्याबाईंनी नुसतं वळून पाहिलं, तसे ते खाली बसले. आता सगळा हॉल गदागदा हसत होता आणि पंख्याविना घामाने निथळत होता. फक्त सासरे हसत नव्हते. शाबासकी गेली ती गेलीच, आता मला जेवण तरी मिळेल का, याचीच शंका होती.

"आता तुमची चौकट," ते म्हणाले आणि त्यांनी कोपऱ्यात बटण दाबलं.

राखीव पंप. आठ वर्षांपूर्वी बसवला. दिसायला ठीक. वापरण्याची वेळ अद्याप आलेली नाही. आल्यास चालेलच याची खात्री देता येत नाही.

सासऱ्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढला. आणि मग ते असे हसले की सासूबाईंना त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. आठ वर्षांत मी त्यांचे दात पहिल्यांदाच पाहिले.

"हे लिहिलं कोणी?" डोळे पुसत त्यांनी विचारलं. "तुम्ही?"

बायको माझ्याकडे टक लावून बघत होती. 'हो' माझ्या अगदी जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं. पण मापात मारणारा माणूस ते लांबूनच ओळखतात.

"नाही. आमच्या फोरमननी."

"शाबास!" सासरे म्हणाले. "काय पारख आहे! गुंजभर इकडेतिकडे नाही. माझी शाबासकी त्यांना आठवणीने सांगा."

सोमवारी सकाळी मी ती फोरमनना पोचवली. राखीव पंप अखेर एकदा कामाला आला, असं बायको तेव्हापासून येईल त्या पाहुण्याला सांगते.