दळण आणलं का?

सूर्यकांतराव हिंगोलीच्या एसटी स्टँडवर चौतीस वर्षं माइकवर बोलले, पण "कळमनुरीमार्गे नांदेड, फलाट क्रमांक तीन" याच्या पुढे त्यांना कुणी बोलूच दिलं नाही. निवृत्त झाले आणि तुंबलेलं सगळं बाहेर आलं. त्यांनी 'एसटीतले दिवस' नावाचं चॅनेल काढलं. एकेक व्हिडिओ पावणेदोन तासांचा. घरात त्यांचा एकही किस्सा कुणी शेवटपर्यंत ऐकला नव्हता. निदान जगाने तरी ऐकावा, एवढीच त्यांची इच्छा. बघणारे अकरा, त्यांतले चार वेळा ते स्वतः.

"बाबा, एवढं लांब कोण बघतं?" सून रेवती म्हणाली. "एक अ‍ॅप आहे. लोकांना आवडेल तेवढाच तुकडा काढून देतं. त्याची रील टाकू."

अ‍ॅपने पावणेदोन तास चाळून तीस सेकंद निवडले. त्यांत सूर्यकांतराव डिझेलटंचाईवर रंगात आले होते, तेवढ्यात मागून त्यांच्या पत्नी गंगूताई रिकामा डबा घेऊन आल्या. "अहो, डिझेल राहू द्या. दळण कोन आननार?"

दोन दिवसांत दोन लाख लोकांनी ते पाहिलं. पुढच्या व्हिडिओतूनही अ‍ॅपने नेमक्या गंगूताईच उचलल्या. मंडईत भाजीवाला विचारू लागला, "साहेब, दळण आणलं का?" सूर्यकांतरावांचा पारा चढला. त्यांनी दाराला आतून कडी घालून व्हिडिओ केला. बघणारे पुन्हा अकरा.

शेवटी ते स्वयंपाकघरात गेले. "अगं, आज मधी येऊन जरा टोकून जाय."

"एरवी टोकलं की तोंड फुगवता. आता काहून?"

"तुझ्यावाचून चालून न्हाई राहिलं."

हे वाक्य लग्नानंतर पहिल्यांदाच कानांवर पडत होतं. गंगूताई पाघळल्या. "पन कवा टोकायचं ते कळायला आधी ऐकावं लागंल ना!" असं म्हणून मांडीवर डबा घेऊन समोरच बसल्या.

किस्सा जवळा बाजार या गावच्या बाजाराच्या दिवसाचा होता. स्टँडवर ही गर्दी. त्या धांदलीत वऱ्हाड चढलं जवळा बाजारच्या गाडीत आणि बाशिंग बांधलेला नवरदेव भलत्याच. दोन्ही गाड्या सुटल्या.

मोबाइलमागून रेवती खुणा करू लागली. गंगूताईंनी माशी हाकलावी तसा हात हलवला. तास उलटला. टोकणं काही येईना, म्हणून सूर्यकांतरावांनीच बिचारेपणाने घड्याळ पाहिलं. "बरं, बाकीचं राहू दे. दळण आणायचंय."

"आग लागो त्या दळनाला!" गंगूताई कडाडल्या. "नवरदेव कुठं उतरला ते सांगा आधी!"

चौतीस वर्षं लोकांनी सूर्यकांतरावांना फक्त गाडी कधी येणार हे विचारलं होतं. पुढे काय झालं, असं विचारणारं माणूस आज पहिल्यांदा भेटलं होतं, आणि तेही घरातच. त्यांचे डोळे भरून आले.

"बाबा, ही रील दहा लाखांवर जाते बघा!" रेवती ओरडली.

"हात लावू नको," ते म्हणाले. "हा व्हिडिओ कापायचा न्हाई."

त्यांनी खुर्ची मोबाइलकडून फिरवली, गंगूताईंकडे तोंड केलं आणि नवरदेवाला उतरवायला आणखी चाळीस मिनिटं घेतली. घरात पीठ नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनी खिचडी खाल्ली.