लग्नपत्रिकेचं गॅस्केट

लग्नाची पत्रिका हातात पडली की आपण आधी नावं वाचतो, मग तारीख, मग जेवणाची वेळ. आमचे शेजारी दिगंबरभाऊ सोनोने यांतलं काहीच वाचत नाहीत. ते पत्रिकेचा कोपरा दाढेखाली धरतात आणि डोळे मिटून चावतात.

पत्रिका द्यायला आलेला माणूस नवखा असेल तर घाबरतो आणि वरबाप असेल तर त्याला अपमान वाटतो. भाऊंना दोन्हीचं सोयरसुतक नाही. ते कोपरा तोंडातून काढतात, अंगठ्यानं घासतात, उजेडात धरून बघतात आणि निकाल देतात, "कागद बरा हाये. थर सुटत नाई. पोरगी सुखात राहीन."

एका वरबापाला मात्र त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "बावा, तुमचं कार्ड वरून प्लास्टिकचं हाये. गरम झालं की चिकटते, अन् मंग खरडून काढा लागते." तो गृहस्थ समोर ठेवलेला चहा न घेताच निघून गेला. भाऊंनी दोन्ही कप प्यायले.

या सगळ्याच्या मुळाशी एक मोटार आहे. भाऊ बुलढाण्याच्या कोर्टात पट्टेवाले होते. जन्मभर त्यांनी कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांची नावं पुकारली. एक म्हातारे वकीलसाहेब मुलाकडे कायमचे राहायला गेले आणि जाताना आपली वाडवडिलांच्या काळातली मोटार भाऊंच्या गळ्यात मारून गेले. ती कोणत्या कंपनीची हे मी लिहीत नाही, कारण भाऊंना तिची बदनामी खपत नाही. रंग एकेकाळी दुधाळ होता. भाऊंनी तिचं नाव ठेवलं 'फिर्यादी', कारण तिची रोज काहीतरी तक्रार असते. सुरू झाली नाही तर ते बॉनेट लावून म्हणतात, "आज तारीख वाढवली."

कोर्ट सुटलं, पण पुकारा सुटला नाही. आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. ते आलं की भाऊ रस्त्याच्या मधोमध उभे राहून एकेका घराच्या कर्त्याचं अख्खं नाव बापासकट तीनदा पुकारतात. "प्रल्हाद विश्वनाथ ताठे, हाजिर हायेत काय? नळ आला!" प्रल्हाद विश्वनाथ म्हणजे आमचे हे. नोकरी जिल्हा परिषदेत, स्वभाव घाबरट. ते अजूनही आपलं नाव ऐकलं की आधी दचकतात आणि मग बादली उचलतात.

तर ही फिर्यादी कार्बोरेटरपाशी हवा घेते. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, मला यातलं काही कळत नव्हतं. पण भाऊंच्या शेजारी राहून आता कार्बोरेटर मला वर्गातल्या हूड पोराइतका ओळखीचा झालाय. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्या मध्ये एक पातळसा तुकडा लागतो. त्याला गॅस्केट म्हणतात. आपल्याकडचे मेकॅनिक म्हणतात पॅकिंग. ते चुकलं की फटीतून हवा शिरते आणि गाडी दम्याच्या पेशंटसारखी खोकत बंद पडते.

"बाई," भाऊ मला समजावतात, "दोन लोखंडं एकमेकाले कधीच नीट चिकटत नाई. मधात कोनीतरी नरम पाह्यजे. लय नरम बी नाई, दबून मरते. लय कडक बी नाई, हवा घेते. माणसाइतकंच कठीन हाये पॅकिंग भेटनं."

दुकानातलं गॅस्केट घ्यायला त्यांची ना नव्हती. मी एकदा साड्या घ्यायला खामगावला निघाले, तर हेही एसटीत शेजारी येऊन बसले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला कार्बोरेटर. तिकीट फाडताना कंडक्टरनं दोनदा त्या गाठोड्याकडे पाहिलं. त्याला बहुतेक बाळ वाटलं असावं. मोटारीच्या सामानाच्या दुकानात भाऊंनी काउंटरवर गाठोडं सोडलं आणि दुकानदारानं दाखवलेलं एकेक गॅस्केट त्यावर ठेवून पाहिलं. एकाचं छिद्र सरकलेलं, एक फार जाड, एक फार पातळ.

"काका, तीन छिद्रं तर जुळून राह्यली ना," दुकानदार कंटाळून म्हणाला.

"चपलेचा एक पाय बसला म्हणून जोड घेतं काय बे तू?" भाऊंनी विचारलं आणि कार्बोरेटर पुन्हा टॉवेलात बांधला. परतीच्या एसटीत ते मला म्हणाले, "रेडिमेड पॅकिंग म्हणजे रेडिमेड ब्लाऊज, बाई. घालता येते, पण श्वास घेता येत नाई." मी माझ्या पिशवीतलं नवं ब्लाऊज गुपचूप आत सारलं.

म्हणून मग ते पत्रिकांवर आले. जाड पत्रिका कार्बोरेटरच्या तोंडावर धरायची, कडेनं लहान हातोडीनं हलकं हलकं ठोकायचं, की लोखंडाची धारच कागद कापते. छिद्राच्या जागी बेअरिंगचा छर्रा ठेवून एक टोला. मग तुकडा ऑइलात बुडवायचा आणि बसवायचा. असं पॅकिंग कधी दोन महिने टिकतं, कधी चिखली नाक्यापर्यंतही पोचत नाही. पण गल्लीत लग्नं होत राहतात, त्यामुळे मालाची कमतरता नसते. हल्ली मात्र लोक मोबाइलवर पत्रिका पाठवू लागले आहेत. भाऊंना पहिल्यांदा तशी आली तेव्हा ते मोबाइल घेऊन आमच्याकडे आले आणि खरोखर हताश होऊन म्हणाले, "आता याले कसं कापावं?"

नावं का वाचत नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"नावं वाचता वाचता जलम गेला ना, बाई. त्या कार्डात सारी नावंच नावं. आपल्याले काय करायचं?"

ते खरंही होतं. भाऊंचं लग्न झालं नाही. आईवडील वरवट बकालला होते, ते गेले. एक बहीण होती, तीही गेली. गावाकडून पत्रिका येते तिच्यावर 'सहकुटुंब' लिहिलेलं असतं. कुटुंब म्हणजे भाऊ आणि फिर्यादी.

आणि आमची रेवा. ही माझी मुलगी. लहानपणी तिला फिर्यादीत बसायचा भारी सोस. बहुतेक वेळा गाडी आम्ही ढकलत असू आणि ही आत राणीसारखी. तेव्हा भाऊंनी तिला शब्द दिला होता, "माय, तुही पाठवणी याच गाडीतून." पोरीनं तो पक्का लक्षात ठेवला. संग्रामपूरचं स्थळ ठरलं, मुलाकडच्यांनी फुलांनी सजवलेली भलीमोठी नवी गाडी आणायचं कबूल केलं, तर ही म्हणते, मी फिर्यादीतूनच जाणार. व्याह्यांनी फिर्यादी पाहिली आणि वाकून तिची चारही चाकं हलवून बघितली.

दुसरा हट्ट पत्रिकेचा. आमच्याकडची पत्रिका म्हणजे मतदार यादी असते. एखादं नाव सुटलं तर माणूस लग्नाला येत नाही, आणि एक ओळ खाली गेलं तर येऊन जेवत नाही. ही यादी माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, पेन घेऊन तपासत होते. रेवा म्हणाली, निमंत्रकांत दिगूकाकांचं नाव टाका.

"कोन दिगूकाका? त्याचा आपल्याशी संबंध काय?" भासरे म्हणाले.

"ते नळ आला की बाबांना हाक मारतात."

"मंग काय नगरपालिकेचं नाव बी टाकू?"

माझंही डोकं तापलं. मी म्हटलं, ज्या चुलत मामांनी पोरीचं तोंड पाहिलं नाही त्यांची नावं वरच्या ओळीत, आणि ज्यानं हिला खांद्यावर मिरवलं तो कोण? दोन दिवस ती यादी छापखान्यात गेलीच नाही. शेवटी अगदी तळाला, उजव्या कोपऱ्यात छापलं: श्री. दिगंबर रामकृष्ण सोनोने.

कागद रेवानं निवडला होता. साधा, जाड, खाकी. मी आणि रेवा पत्रिका घेऊन भाऊंकडे गेलो. चष्मा नेहमीप्रमाणे कुठेतरी हरवलेला. भाऊंनी पत्रिका घेतली, कोपरा दाढेखाली धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे वा वा वा! हेच पाह्यजे होतं मले! इतक्या दिसाचा हाच शोधून राह्यलो!"

"काका, वाचा तर," रेवा म्हणाली.

"वाचतो ना, माय. आधी मापून घेतो." आणि ते गाडीकडे पळालेसुद्धा.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारभर त्यांच्या अंगणातून टकटक ऐकू येत होती. संध्याकाळी फिर्यादी सुरू झाली. खोकली नाही, धाप लागली नाही, चांगली एकसुरात चालली. रेवा खिडकीत उभी होती. "गेलं आई, काकांचं नाव कार्बोरेटरमध्ये," ती हसून म्हणाली, पण तिला वाईट वाटलं होतं. मला तर संतापच आला. भासऱ्यांशी भांडून छापलेलं नाव, आणि हा बाबा ते न वाचता हातोडीनं कुटतो!

पाठवणीच्या वेळी फिर्यादी झेंडूच्या माळा घालून दारात उभी. भाऊ कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. सगळ्यांच्या डोळ्यांना पदर लागलेले, रेवाचा पाय मांडवातून निघेना. तेवढ्यात खणखणीत पुकारा झाला, "रेवा प्रल्हाद ताठे, हाजिर हाये काय? रेवा प्रल्हाद ताठे! रेवा प्रल्हाद ताठे!" अख्खा मांडव रडता रडता हसला. आमचे हे सवयीनं बादली शोधू लागले. भासरे मात्र सगळ्यांच्या आधी जाऊन पुढच्या सीटवर बसले होते. फिर्यादी घाट उतरून थेट संग्रामपूरपर्यंत गेली. कुठेही बंद पडली नाही.

मांडवपरतणीला रेवाला माहेरी आणायला जायचं होतं. यांना लग्नाच्या दगदगीनं ताप आलेला, म्हणून मीच निघाले. गाडी अर्थातच फिर्यादी. माझा राग अजून गेला नव्हता, त्यामुळे घाट उतरेपर्यंत मी खिडकीबाहेरच बघत होते. पुढे सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येऊ लागलं, म्हणून मी काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली. तिच्या मागून एक पत्रिका माझ्या मांडीवर पडली.

रेवाची पत्रिका. अख्खी. एका कोपऱ्यावर दातांचे वण आणि तळाच्या नावाशेजारी हातोडीचा एक छोटा खड्डा. बाकी घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

"हे काय, भाऊ? कापली नाही तुम्ही?"

भाऊ रस्त्याकडेच बघत होते. "कापाले बसलो होतो. चष्मा सापडला. छर्रा ठेवला, एक टोला हानला, तं घसरला. पाह्यलं तं तिथं माहं नाव. मले वाटलं, कोर्टाचंच काही हाये. दुसऱ्यांदा वाचलं. मंग हातोडी ठेवून देली."

"मग गाडीत कोणाची बसवली?"

"तुमच्या भासऱ्याच्या पोराची. मागच्या साली देली होती त्यायनं. लय जाड माल हाये, बाई. त्या घरच्या मानसायसारखाच. पन घडीभर तेलात ठेवला, तं झाला नरम."

म्हणजे भासरे संग्रामपूरपर्यंत आपल्याच पोराच्या पत्रिकेच्या जोरावर गेले होते. मी इतकी हसले, की माझा राग कुठल्या कुठे गेला. भाऊ हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला आणि पत्रिका परत मागितली.

मी दिली नाही. उन्हात धरली, घसा साफ केला आणि उघड्या खिडकीतून शेतांकडे तोंड करून, मला जमेल तितक्या खणखणीत आवाजात पुकारलं, "दिगंबर रामकृष्ण सोनोने, हाजिर हायेत काय?"

मी दुसऱ्यांदा पुकारलं. गाडीचा वेग कमी झाला. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा भाऊंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं.

"हाजिर हाये, बाई," ते म्हणाले. पण इतक्या बारीक आवाजात, की कोर्टात असते तर गैरहजर लिहिले गेले असते.