पठाराची उंची

देशाची वाटणी स्टाफरूममध्ये, मधल्या सुट्टीत झाली. प्रदर्शनासाठी हॉलमध्ये दोन टेबलं जोडून त्यावर कागदाच्या लगद्याचा देशाचा उठावाचा नकाशा करायचा, असं मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, जाहीर केलं. पश्चिमेचे पर्वत नव्या बाईंकडे. पूर्वेचं मैदान, दलदल आणि किनारा भूगोलाच्या सरांकडे. सर या शाळेत अक्षांश-रेखांश शिकवू लागले तेव्हा नव्या बाई कुठल्या तरी बाकावर बसून समुद्राला निळा रंग देत असतील. आता त्यांना पर्वत, आणि सरांना चिखल!

"पर्वत म्हणजे जड काम आहे, बाई," सर शक्य तेवढ्या गोड आवाजात म्हणाले. "नव्या माणसाला झेपायचं नाही."

"झेपेल हो, सर. आणि अडलंच काही, तर तुम्ही आहातच की खाली!"

त्या 'खाली'नं सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. प्रदर्शनाला पाठ्यपुस्तक समितीचे साहेब येणार होते. भूगोलाचं नवं पुस्तक लिहायला या शाळेतून एकच शिक्षक घेणार होते. जुन्या पुस्तकातल्या चुका वर्गात दाखवून दाखवून सरांचा घसा बसला होता. नव्यावर आपलं नाव छापून यावं, एवढी एकच इच्छा त्यांनी आजवर बाळगली होती. पण साहेबांची नजर आधी जाणार कुठे? शिखराकडेच. दलदलीकडे बघून कोणी हरखून गेल्याचं सरांच्या ऐकिवात नव्हतं.

"तिला पर्वत आणि मला गाळ!" ते घरी येऊन बायकोवर कडाडले.

"गाळ सुपीक असतो असं तुम्हीच शिकवता ना?"

"सुपीक असतो, पण दिसत नाही!"

"मग ते त्यांना सांगायचं. माझ्यावर कशाला ओरडताय? आणि अहो, आजचा पेपर कुठेय? मी अजून वाचलाही नाही."

पेपर बादलीत भिजत होता. सरांच्या वाट्याच्या देशात, एका कोपऱ्यात, एक बुटकं पठार होतं. नकाशावर त्याची उंची जेमतेम बोटभर भरायची. शेकडो वर्षांत त्याची धूप झाली असणार, तेवढी भरपाई करायला काय हरकत आहे, असं म्हणून सरांनी त्यावर लगद्याचा एक थर चढवला. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

"सर, तुमचं पठार वाढलंय का हो?" नव्या बाईंनी विचारलं.

"ओलं आहे. सुकलं की बसेल."

ते बसलं नाही. उलट दोन दिवसांत बाईंचंच शिखर वाढलं. त्यावर त्यांनी कापसाचा हा एवढा ढीग रचला होता.

"बर्फ आहे, सर," त्या निरागसपणे म्हणाल्या. "पडतंच तिथे."

सरांच्या पोटात दुखू लागलं. त्यांच्या भागात बर्फ पडत नव्हतं, आणि कापूस चिकटवून खोटं हवामान दाखवण्याइतके ते घसरले नव्हते. पठाराला आणखी थर द्यावा तर त्याला भेगा पडू लागल्या होत्या. सरांनी रात्रभर जळफळत विचार केला आणि सकाळी त्यांना उत्तर सापडलं. एकटं पठार वाढवणं ही लबाडी झाली असती. अख्खा प्रदेश उचलणं मात्र भूगोलात बसत होतं. भूकवच उचललं जातं, हे तर जुन्या पुस्तकातही बरोबर छापलं होतं.

संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्यांनी शाळेमागच्या ढिगातून विटा आणल्या, डब्याच्या पिशवीत लपवून, चार खेपा करून. धापा टाकत त्यांनी आपल्या टेबलाचा एकेक पाय उचलला आणि खाली विटा सरकवल्या. वरून चादर जमिनीपर्यंत सोडली, दोन टेबलांमधल्या पायरीवर लगदा थापला आणि हिरवा रंग फासला. आता पठार शिखराच्या खांद्याला लागत होतं. समुद्रही पायथ्याच्या गावांच्या वर गेला होता, पण तिकडे बघायला सरांना वेळ नव्हता. ते शिखराकडे बघत होते.

प्रदर्शनाच्या सकाळी मोठ्या बाईंनी आपली कल्पना सांगितली. "रिबीन कापायची नाही. साहेब नदीच्या उगमावर तांब्याभर पाणी ओततील, आणि पाणी वाहत वाहत समुद्राला मिळेल! पात्राला ऑइल पेंट दिलेलाच आहे."

सरांचा चेहरा पडला. इतक्या वर्षांत वर्गात एकदाही न विसरलेली गोष्ट ते या वेळी साफ विसरले होते: पाणी चढ चढत नाही.

"मोठ्या बाई, रिबीनच शोभून दिसते," ते म्हणाले.

"रिबीन काय, कोणीही कापतं!"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तसे सर चादरीखाली शिरले आणि विटांशी झटू लागले. पण वर ओल्या लगद्याचा अर्धा देश होता. वीट तसूभर हलेना.

"भूगोलाचे सर कुठे आहेत?" साहेबांनी आत येताच विचारलं.

"खाली," नव्या बाई म्हणाल्या.

साहेबांनी तांब्या कलता केला. पाणी ऐटीत दऱ्यांतून उतरलं, टाळ्या झाल्या. मग ते पायथ्याशी आलं आणि थांबलं. तलाव झाला. काड्यापेट्यांची गावं तरंगू लागली. साहेबांना वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून त्यांनी दुसरा तांब्या ओतला. तेवढ्यात टेबलांच्या फटीतला लगदा विरघळला आणि सगळी नदी थेट सरांच्या मानेवर कोसळली. सर ओरडत चादरीबाहेर आले.

"हे काय? नदी समुद्राला का मिळत नाही?" साहेब म्हणाले.

सरांच्या कानातून पाणी गळत होतं. पुस्तकावरचं नाव गेलं, हे त्यांना कळून चुकलं.

"भूकवच उचललं गेलं की नदी अडते आणि तलाव होतो, साहेब," नव्या बाई शांतपणे म्हणाल्या. "तेच दाखवलंय. सरांची कल्पना. टेबलसुद्धा उचललंय बघा."

"वा!" साहेब वाकून विटा बघत म्हणाले. "हे आजवर कोणी दाखवलं नव्हतं. सर, तुम्ही समितीवर या."

सरांना आनंद झाला, पण तो घरापर्यंतही टिकला नाही. मनाच्या मोठेपणातही तिनंच वरचढ व्हावं? दुसऱ्या दिवशी त्यांनी बाईंना गाठलं. "माझं नाव का घेतलंत?"

"माझे मामा होते त्या समितीवर," बाई म्हणाल्या. "तिच्या बैठका उन्हाळ्याच्या सुट्टीतच असतात, सर. आणि सुट्टीत मी बायकांची एक सहल घेऊन चाललेय."

सुट्टी लागली. बायको काहीतरी "चार दिवस जाऊन येते" म्हणाली, त्यावर सर अभ्यासक्रम चाळत "हं" म्हणाले. मग पंखा नसलेल्या खोलीत समिती बसली. दलदल मैदानाच्या आधी घ्यावी की नंतर, यावर दुपार झाली. तेव्हा नव्या बाईंचा फोटो आला. मागे भलंमोठं पांढरं शिखर होतं आणि खाली लिहिलं होतं, "सर, नकाशातलं आपलंच जास्त उंच होतं हो!"

सरांनी हेव्यानं फोटो मोठा केला. बाईंच्या शेजारी, लोकरीची टोपी घालून, तोंडभर हसत त्यांची बायको उभी होती.

त्यांनी बायकोला लिहिलं, "तू तिथे कशी?" ते खोडलं. मग लिहिलं, "मला का नाही नेलंत?" तेही खोडलं. शेवटी विचारलं, "उंची किती आहे?"

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. "विचारलं नाही. बघत बसलेय."