समीरभाईचं कुलूप

पर्समदी हात घातला आनि पेनड्राईव्हच न्हाई. सांगलीच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या दाराम्होरं, मांडीवर माजी स्वरा, आनि मी पर्स बाकड्यावर उपडी केली. रुमाल, बिस्किटाचा पुडा, टिकल्यांचं पाकीट, समदं निगालं, तेवढं एक न्हाई. त्यात काय हुतं सांगू? पोरीच्या पोटाचं, छातीचं फोटो. आंगुळीचं कडत पानी सांडलं हुतं तिच्या अंगावर. डॉक्टर म्हनलं हुतं, पट्टी बदलताना दर खेपंला फोटो काडा, जखम कशी भरती ते बगायचंय. उगड्या अंगाचं फोटो, पोरीच्या जातीचं. कुनाच्या हाती पडलं आनि मोबाईलवनं गावभर फिरलं तर? तिला अजून मोटं हुयाचंय.

मालक कोयनानगरला नोकरीला, तिकडं घाटात फोन लागंना. मग शेजारच्या समीरभाईला लावला. रडत रडत सांगितलं, यस्टीत पडला आसंल, आष्ट्यापास्नं सांगलीपतूर कुटंबी. तर हा मानूस गाडी कुटली ते इचारंना, रडू नका म्हनंना. म्हनला, "वहिनी, किल्ली कुटं हाय?"

"डोक्यात हाय," मी म्हनलं.

"लिवली न्हाई ना कुटं? मग नुसतं डबडं गेलंय. फोटो न्हाई गेलं. फोटोंची दुसरी कापी तुमच्या कपाटात हाय, ती फुडच्या खेपंला दावा डॉक्टरला. पोरीला बिस्कीट द्या."

आनि फोन ठिवला.

आता हा समीरभाई कोन, ते सांगते. आष्ट्यात आमची त्याची भिताडाला भिताड. पुन्याला मोट्या कंपनीत कंप्युटरचं सॉफ्टवेअर लिवायचा, आता घरी बसून तेच लिवतो. वय चाळीशीकडं, लगीन न्हाई. एक जमत आलं हुतं, पन पोरगी बगाय गेला तवा तिला इचारलं, तुमचा पासवर्ड लांब हाय का आखूड? पोरीच्या बापानं चहा बी पुरा पिऊ दिला न्हाई.

आमच्या गल्लीत बाहीर जाताना दाराची किल्ली चौकटीवर ठिवायची रीत. पावना आला तरी हात वर करतोय, किल्ली घेतोय, आत जाऊन बसतोय. समीरभाई येता-जाता समद्यांच्या चौकटी चाचपतो. किल्ली घावली की गल्लीभर ऐकू जाईल आसा इचारतो, "कुलूप घातलंय का तोरन बांदलंय?" बाया लय शिव्या घालत्यात त्याला.

पोर भाजली तवा फोटो कुटं लपवू ते इचाराय ह्याच्याकडंच गेले, सांगताना माजी मान वर हुईना. म्हनलं, फोनवर दीराची पोरं गेम खेळत्यात, तवा एक ॲप घावलंय, वरनं कॅलकुलेटर दिसतो, आत फोटो लपत्यात, चालंल का? तर आसा बगाय लागला, जसं काय मी त्याच्या चहात मीठ टाकलं. म्हनला, त्यो पडदा हाय, सारला की समदं दिसतंय. आपल्याला फोटोचा भुगा करायचाय, आसा की किल्लीबिगर परत फोटो हुनारच न्हाई.

मी म्हनलं, मग तुमीच लिवा की एक कुलूप, तुमचा धंदाच हाय. त्यानं हात जोडलं. "मी केल्यालं कुलूप मला उगडत न्हाई, एवढंच मला कळतंय. दुसऱ्याला उगडतंय का, ते कसं कळंल? ज्याच्यावर जगातल्या हुशार लोकांनी वर्सानुवर्सं हातोडं घातलं आनि तरी टिकलं, ते घ्यायचं."

मग लय दिस कुलूपं बगत बसला. ह्याच्या आतलं कुनाला बगू देत न्हाईत, म्हंजे नको. ते जुनं झालंय, फुटतंय, नको. आनि एक आवडलं, पन आत कुनी एक अक्षर हलीवलं तर ते बोंब मारत न्हाई, म्हनून ते बी नको. मला वाटलं, हा कुलूप पसंत करस्तवर माजी पोर बरी हुईल.

शेवटी एक ठरलं. मला म्हनला, एकमेकाशी सोयरीक नसल्यालं शब्द जोडून किल्ली करा, पोरीचं नाव न्हाई, देवाचं न्हाई. मी टाईप करताना भाई भिताडाकडं त्वांड करून उबा. ज्याचा माल त्याचीच किल्ली, कुलूप बसवनाऱ्यानं बगायची न्हाई, हा त्याचा नेम. आनि मी शानी! घरी येऊन ते शब्द चिकटपट्टीवर लिवलं आनि पट्टी पेनड्राईव्हलाच डकवली. इसरायला नको म्हनून. बगितल्यावर त्यानं ती पट्टी नकानं खरवडली, समदं पयल्यापास्नं करायला लावलं, आनि त्या जागी माजा फोन नंबर चिकटवला.

त्याच नंबरावर, पेनड्राईव्ह हरवल्याच्या दुसऱ्या दिवशी, यस्टीच्या कंडक्टरचा फोन आला. म्हनला, ताई, कुनाचं हाय बगावं म्हनून घरच्या कंप्युटरला लावलं, नुसता पासवर्ड मागतंय, आत काय बी दिसत न्हाई, खराब झालंय वाटतं. मी म्हनलं, व्हय दादा, खराबच हाय. आनि पोरीला पोटाशी धरून लय हासले.

दुपारी शिरा केला, वाटी घेऊन भाईकडं गेले. त्यो कंप्युटरम्होरं बसल्याला. काय तरी टाईप केलं, किल्ली चुकली म्हनून तांबडी अक्षरं आली. काय हाय म्हनलं, तर म्हनला, अम्मीचं.

त्याची अम्मी म्हंजे आमची चाची. जाऊन लय दिस झालं. आजारपनात एकटीच फोनमदी बोलून काय काय भरून ठिवायची, मी गेल्यावर आईक म्हनायची त्याला. तिचा हट्ट, किल्ली मीच घालनार. घातली. सांगायची राहिली.

"उगडंल की कवातरी," मी म्हनलं.

"न्हाई उगडायचं, वहिनी. चांगलं कुलूप हाय त्ये. तुमच्या पोरीच्या फोटोला घातलंय, त्येच." मग म्हनला, "तुमी तिच्यासंगं शेवया करायला बसायचा. काय काय बोलायची वो ती?"

मी खाली बसले. चाची मला सुगरन म्हनायची, ते सांगितलं. त्यानं ते टाईप केलं, न्हाई उगडलं. शेवई तुटली की ती जे पुटपुटायची, ते सांगितलं. ते बी न्हाई. शिरा गार झाला. कशानंच उगडनार न्हाई, हे त्याला माज्यापेक्षा जास्ती ठावं हाय. पुसून टाका म्हनावं, आसं ओटापतूर आलं माज्या. पन त्याची बोटं बटनांवर तशीच टेकल्याली, आनि त्यो माज्या तोंडाकडं बगतोय. त्या कुलपानं माजी पोर झाकली हुती.

तुमी आसता तर काय केलं आसतं? पुसा म्हनला आसता, का आनि एक शब्द सांगितला आसता?